कार्डियाक ॲनेस्थेशियाचं प्रशिक्षण: सोलापुरातून निघणाऱ्यांसाठी, नीट-एसएसपासून पहिल्या पंप केसपर्यंत

एमडी ॲनेस्थेशियाच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या आणि कार्डियाककडे वळू पाहणाऱ्यांसाठी हा लेख आहे. सोलापूर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलाय, कारण इथून निघणाऱ्याची तयारी पुण्या-मुंबईत शिकलेल्यापेक्षा जरा वेगळी पडते. पेशंट भरपूर, आजार वाढलेले, हात चालता. पण पंप केस (हार्ट-लंग मशीनवर केलेलं हृदयाचं ऑपरेशन) रोज बघायला मिळेलच असं नाही. पेशंट झोपवणं तुम्हाला येतंच. शिकायचा आहे तो क्रम: कोणत्या मिनिटाला काय बिघडू शकतं ते आधी ओळखायचं, आणि बिघडायच्या आत मोठ्याने बोलायचं. डोस काय, पुस्तकात मिळतात.

खालचे आकडे प्रौढ पेशंटचे आहेत. तुमच्या युनिटचा प्रोटोकॉल वेगळा असेल तर तोच पाळा, आणि का वेगळा आहे ते विचारा.

वाट कुठून जाते

एमडी किंवा डीएनबी ॲनेस्थेशियानंतर सरळ रस्ता तीन वर्षांच्या डीएम कार्डियाक ॲनेस्थेशिया या सुपरस्पेशालिटी पदवीचा, नाहीतर त्याच तोडीच्या डीआरएनबीचा. दोन्हींच्या जागा नीट-एसएस या सुपरस्पेशालिटी प्रवेशपरीक्षेतून भरतात. पेपर १५० प्रश्नांचा, अडीच तासांचा. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ वजा. ॲनेस्थेशियाच्या एकाच पेपरवर कार्डियाक, न्यूरो, क्रिटिकल केअर अशा वेगवेगळ्या शाखांच्या जागा खुल्या होतात. त्यामुळे रँक लागल्यावर घाईत चॉइस भरणारे पुष्कळदा शाखा सोडून शहर निवडतात आणि सहा महिन्यांत कुरकुरायला लागतात. एम्स, चंदीगडचं पीजीआय, पुद्दुचेरीचं जिपमर यांची आयएनआय-एसएस ही प्रवेशपरीक्षा वेगळी असते, वर्षातून दोनदा. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्राची प्रवेशसूचना त्यांच्या संकेतस्थळावर बघत राहा. या शाखेतलं ते देशातलं जुनं आणि मानाचं ठिकाण. तीन वर्षं द्यायची नसतील तर एक वर्षाच्या फेलोशिप आहेत. त्यातून हात बसतो, पण पुढे शिक्षकपद हवं असेल तर डीएम किंवा डीआरएनबीच लागतं.

जागा निवडताना बिल्डिंग बघू नका. तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला गाठा, सरांना नव्हे, आणि विचारा: महिन्याला किती केस होतात आणि त्या किती जणांत वाटल्या जातात? बायपाससोबत व्हॉल्व्ह, लहान मुलं, रीडू (पुन्हा छाती उघडायच्या केस) मिळतात का? टीईईचा (अन्ननलिकेतून केलेल्या एकोचा) प्रोब रेसिडेंटच्या हातात येतो की तो कार्डिऑलॉजीच्या कपाटात कुलूपबंद असतो? थोरॅसिकच्या केस त्याच विभागाकडे आहेत का? रात्री आयसीयू कोण सांभाळतं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'आपणच' असं आलं तर तोंड वाकडं करू नका. ऑपरेशननंतरच्या पहिल्या रात्री जे कळतं ते ओटीत कळत नाही. बॉण्ड, स्टायपेंड आणि जागा सोडल्यास भरायचा दंड माहितीपुस्तिकेत वाचूनच चॉइस लॉक करा. मुंबईला केईएम बघायचं तर रात्रीची सिद्धेश्वर आहे, आणि बंगळुरूच्या जयदेवसाठी उद्यान एक्स्प्रेस सोलापूरवरूनच जाते. एकदा प्रत्यक्ष जाऊन दिवसभर ओटीत उभं राहून या.

सोलापुरात असतानाच करून घ्या

सिव्हिलमध्ये किंवा कुंभारीच्या मेडिकल कॉलेजला असताना चार गोष्टी हाताखालून गेल्या तर डीएमचं पहिलं वर्ष निम्मं हलकं होतं. अल्ट्रासाउंडखाली उजव्या आयजेव्हीत (मानेतल्या मोठ्या शिरेत) सेंट्रल लाइन, तीही वायर शिरेत दिसल्याशिवाय डायलेटर न घालण्याच्या शिस्तीने. रेडियल आर्टरी लाइन. आर्टेरियल ब्लड गॅस दोन मिनिटांत वाचणं. आणि एको रूममध्ये आठवड्यातून एक दुपार, नुसती बघायला. उजवं वेंट्रिकल फुगलेलं कसं दिसतं, ऱ्ह्युमॅटिक मायट्रलची पानं हॉकी स्टिकसारखी कशी वाकतात, हे डोळ्यांत बसलं की पुढे टीईईवर तेच चित्र मागच्या बाजूने ओळखायचं असतं.

ऱ्ह्युमॅटिक हार्ट डिसीज आपल्याकडे अजून आहे. मायट्रल स्टेनोसिस असलेली गरोदर बाई सिझेरियनला आली तर ती केस मागून घ्या. ठोके वाढले की डायस्टोल आखडतो, डावं एट्रियम रिकामं होत नाही, आणि दहा मिनिटांत फुप्फुसात पाणी. पंप नसलेल्या ओटीत कार्डियाकचा याहून चांगला धडा नाही.

भाषेचंही बघा. अक्कलकोटकडचा पेशंट कानडीत बोलेल, पूर्व भागातले यंत्रमागावरचे काका तेलुगूत. 'जिना चढताना दम लागतो का', 'रात्री उठून बसावं लागतं का', 'पातळ रक्ताची गोळी कधी बंद केली' एवढी तीन वाक्यं दोन्ही भाषांत पाठ करून ठेवा. नातेवाइकाच्या मार्फत घेतलेल्या माहितीत गोळीची तारीख हमखास चुकते.

आदल्या दिवशीची भेट

त्या तारखेचं महत्त्व असं. व्हॉल्व्हच्या पेशंटला आपल्याकडे बऱ्याचदा असेनोकुमेरॉल चालू असतं. ते दोन-तीन दिवस आधी बंद होतं, वॉरफेरिन पाच दिवस आधी, आणि मधल्या काळात हेपरिन. क्लोपिडोग्रेल पाच दिवस आधी थांबवतात; ॲस्पिरिन बायपासच्या पेशंटला बहुतेक ठिकाणी चालू ठेवतात. मधुमेहाच्या गोळ्यांत नाव डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर ती किमान तीन दिवस आधी बंद हवी. नाहीतर साखर २००च्या आत आणि तरी ॲसिडोसिस, असं कोडं आयसीयूत सोडवत बसावं लागतं. किती दिवस हेपरिन चालू आहे हेही लिहून ठेवा, पुढे लागेल.

दात बघा. मिशेरी लावणाऱ्या बायकांचे पुढचे दात हलत असतात, आणि उद्या त्या तोंडात आधी ट्यूब आणि मग टीईईचा प्रोब जाणार आहे. गिळताना अडकतं का, रक्ताची उलटी झाली होती का, गळ्याचं किंवा अन्ननलिकेचं ऑपरेशन झालंय का, हे प्रश्नही प्रोबसाठीच. दोन्ही हातांचं बीपी घ्या. २० मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर कमी असलेल्या बाजूला आर्ट लाइन घालून फसू नका. शिवाय डावीकडचं बीपी कमी असेल तर सर्जनला सांगा, कारण लिमा ग्राफ्ट (बायपासला वापरायची छातीच्या आतली धमनी) डाव्या सबक्लेव्हियनमधूनच रक्त घेते. एप्रिल-मेमध्ये लांबून एसटीने आलेला, लॅसिक्स (लघवी वाढवणारं औषध) चालू असलेला, रात्रीपासून उपाशी पेशंट कोरडा ठणठणीत असतो. इंडक्शनला त्याचं बीपी बसतं ते औषधापेक्षा जास्त यामुळे.

मांडणी

पेशंट आत येण्याआधी तासभर लागतो, आणि नवीन माणसाला दीड. मशिन चेक झाल्यावर ट्रान्सड्यूसर, म्हणजे लाइनमधला दाब मोजणारा सेन्सर. फ्लशची पिशवी ३०० मिमीवर फुगवा, लाइनमधला हवेचा प्रत्येक बुडबुडा टिचकी मारून काढा. बुडबुडा राहिला तर वेव्ह चपटी होते आणि सिस्टोलिक खोटं कमी दिसतं. ट्रान्सड्यूसर चौथ्या इंटरकॉस्टल स्पेसच्या, मिड-ॲक्सिलरी रेषेच्या उंचीला. तो १० सेंटिमीटर खाली राहिला की आकडा साधारण साडेसात मिमीने वाढतो. आर्टेरियलला हे चालून जातं, पण ८ असलेला सीव्हीपी (मोठ्या शिरेतला दाब) १५ दिसला तर तुम्ही पाणी द्यायच्या ऐवजी लॅसिक्स द्याल. टेबल वर-खाली झालं की ट्रान्सड्यूसरही हलवायचा, हे सर्जनला टेबल हवं तसं मिळाल्यावर सगळे विसरतात.

आता औषधं. नॉरॲड्रेनालिनच्या अँप्यूलवर आकडा बायटार्ट्रेटचा आहे की बेसचा ते वाचा. २ मिग्रॅ बायटार्ट्रेट म्हणजे साधारण १ मिग्रॅ बेस. वेगळ्या कंपनीचं अँप्यूल आलं की डोस नकळत अर्धा किंवा दुप्पट होतो. ४ मिग्रॅ बेस ५० मिलीत केलं तर १ मिलीत ८० मायक्रोग्रॅम. ६० किलोच्या पेशंटला ०.०५ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट म्हणजे मिनिटाला ३, तासाला १८०, म्हणजे ताशी सव्वादोन मिली. हे गणित आदल्या रात्री वजनाप्रमाणे कागदावर करून सिरिंज पंपाला चिकटवा. ॲड्रेनालिनचं १ मिग्रॅचं अँप्यूल १० मिलीत, त्यातला १ मिली पुन्हा १० मिलीत: मिलीला १० मायक्रोग्रॅम. फिनाइलएफ्रिनचं १० मिग्रॅ १०० मिलीच्या बाटलीत: मिलीला १००. प्रत्येक सिरिंजवर नाव आणि मिलीला किती, दोन्ही. नुसतं 'ॲड' लिहिलेली सिरिंज सरळ फेकून द्या.

एक गोष्ट पहिल्या महिन्यात प्रत्येकाला छळते. ताशी २ मिलीने इनोट्रोप (हृदयाला जोर देणारं औषध) लावलं, पंप हिरवा, तरी बीपी ढिम्म. सेंट्रल लाइनच्या त्या ल्युमेनमध्ये (नळीतल्या पोकळीत) अर्धा मिली जागा धरली तर औषध रक्तात पोचायलाच १५ मिनिटं. तोवर तुम्ही रेट दुप्पट केलेला असतो, आणि मग सगळं एकदम जाऊन बीपी २००. म्हणून इनोट्रोपच्या ल्युमेनला मागून सलाइन संथ चालू ठेवायचं, औषधं पेशंटच्या जवळ जोडायची, आणि त्या ल्युमेनमधून बोलस कधीच द्यायचा नाही.

हेपरिन भरा, प्रोटामीन (हेपरिनचा उतारा) भरू नका. प्रोटामीनच्या व्हायल बंद, वेगळ्या ट्रेमध्ये, नजरेआड. पंप चालू असताना प्रोटामीन गेलं तर ऑक्सिजनेटर गोठतो, आणि त्यातून पेशंट वाचवणं फार अवघड.

इंडक्शन

आर्ट लाइन जागेपणी, लोकल देऊन. सर्जन आणि पर्फ्युजनिस्ट (पंप चालवणारा) ओटीत आहेत, पंप प्राइम झालाय (त्याच्या नळ्या द्रवाने भरल्यात), याची खात्री करूनच सुरुवात. फेंटानिल ५ ते १० मायक्रोग्रॅम प्रति किलो, इटोमिडेट ०.२ ते ०.३ मिग्रॅ प्रति किलो, व्हेक्युरोनियम ०.१ मिग्रॅ प्रति किलो ही साधी, चालणारी पद्धत. खरी चूक डोसपेक्षा घड्याळात होते. इजेक्शन फ्रॅक्शन २५ असलेल्या पेशंटमध्ये औषध हातातून मेंदूत पोचायला नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ लागतो. झोपला नाही म्हणून लगेच दुसरा डोस दिला की दोन्ही डोस मागोमाग पोचतात. थांबा. मनात मोजा.

ॲऑर्टिक स्टेनोसिसला बीपी पडू द्यायचं नाही आणि सायनस ऱ्हिदम सोडायचा नाही; फिनाइलएफ्रिन हातात धरूनच इंडक्शन, आणि डीफिब्रिलेटर शेजारी. त्या जाड हृदयाला कॉम्प्रेशन देऊन फारसं रक्त पुढे जात नाही, त्यामुळे अरेस्ट टाळणं हाच उपचार. मायट्रल स्टेनोसिसला ठोके संथ, केटामीन नको. रिगर्जिटेशनला उलट, थोडे जलद ठोके आणि खुल्या रक्तवाहिन्या. रीडू केस असेल तर छाती उघडायच्या आत बाहेरचे डीफिब पॅड चिकटवलेले आणि रक्त ओटीत आलेलं हवं. 'ब्लड बँकेत आहे' म्हणजे नाही.

स्टर्नमला करवत लागताना सर्जन 'लंग्ज डाउन' म्हणतील; सर्किट सोडा, आणि नंतर पुन्हा जोडायला विसरू नका. लिमा काढताना रिट्रॅक्टरमुळे डाव्या हाताची वेव्ह दबली तर आधी रिट्रॅक्टर, मग नॉरॲड.

हेपरिन आणि एसीटी

सुरुवातीचा एसीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) घ्या. साधारण ८० ते १२० सेकंद असतो. हेपरिन ३०० ते ४०० युनिट प्रति किलो, सेंट्रल लाइनमधून, आधी रक्त मागे ओढून बघून. ६० किलोला ३००ने १८,००० युनिट. आपल्याकडे मिलीला १,००० आणि मिलीला ५,००० अशा दोन्ही ताकदीच्या व्हायल असतात. एकीतून हे १८ मिली होतात, दुसरीतून ३.६ मिली. म्हणून आकडा युनिटमध्ये बोला, मिलीत नाही, आणि सिस्टरला व्हायल वाचून दाखवायला सांगा. दिल्यावर 'हेपरिन दिलं, १८ हजार, नऊ-चाळीस' असं मोठ्याने म्हणा. पर्फ्युजनिस्टने तेच परत म्हणायचं.

तीन मिनिटांनी एसीटी. बहुतेक युनिट ४८० सेकंदांच्या वर आल्याशिवाय पंपावर जात नाहीत. आला नाही तर आधी साधी कारणं: लाइन शिरेत आहे का, व्हायल तीच होती का, नमुना नीट घेतला का. मग आणखी हेपरिन. तरीही अडलं तर अँटिथ्रॉम्बिन कमी असण्याची शक्यता, आणि इथे आदल्या दिवशी लिहून ठेवलेले हेपरिनचे दिवस कामाला येतात. अँटिथ्रॉम्बिन कॉन्सन्ट्रेट नसेल तर एफएफपी (गोठवलेला प्लाझ्मा). एफएफपी वितळायला वेळ लागतो, म्हणून दहा दिवस हेपरिनवर असलेल्या पेशंटसाठी ते आधीच सांगून ठेवलेलं बरं.

ॲऑर्टामध्ये कॅन्युला घालताना सिस्टोलिक ९० ते १००च्या आसपास आणा. जास्त दाबात टाका घेतला की डिसेक्शनची भीती.

पंपावर

पंपावर गेल्या गेल्या बीपी पडतं, कारण प्राइमचं लिटर-दीड लिटर पाणी मिसळून रक्त पातळ होतं. पर्फ्युजनिस्टला पूर्ण फ्लो मिळाला का विचारा; २.४ लिटर प्रति चौरस मीटरने १.६ पृष्ठफळाच्या पेशंटला ३.८च्या आसपास. पूर्ण फ्लो मिळाल्यावरच व्हेंटिलेटर बंद, आधी नाही. मग लगेच चेहरा आणि बाहुल्या बघा. चेहरा सुजतोय किंवा सीव्हीपी २०कडे चाललाय म्हणजे एसव्हीसीची (वरच्या महाशिरेची) कॅन्युला नीट उपसत नाही. मेंदूतून रक्त परत येत नाहीये. हे पडद्याच्या तुमच्या बाजूलाच दिसतं, सर्जनला नाही, त्यामुळे बोलायची जबाबदारी तुमची.

पेशंट झोपलेला राहील कशाने ते ठरवा: ऑक्सिजनेटरच्या गॅस लाइनवर व्हेपोरायझर आहे का, त्यात आयसोफ्लुरेन आहे का, आणि तो उघडलाय का. मीन (सरासरी बीपी) ५० ते ८०, दर अर्ध्या तासाला एसीटी, गॅस, साखर, पोटॅशियम, लघवी. क्रॉस-क्लॅम्प (ॲऑर्टावरचा चिमटा) लावलेला असताना रेसिडेंट चहाला पळतात. एकदा तरी त्या वेळात पर्फ्युजनिस्टच्या स्टुलाशेजारी उभे राहा आणि रिझर्व्हॉयरची पातळी बघा. ती किती सेकंदांत रिकामी होऊ शकते हे कळलं की पंपावरच्या माणसाशी उगाच गप्पा मारायची सवय जाते.

पंपावरून उतरताना

सगळ्या प्रशिक्षणात या २० मिनिटांना तोड नाही. क्लॅम्प काढायच्या आधीच यादी सुरू करा. नॅसोफॅरिंजियल तापमान ३६.५ ते ३७, पंपातून येणारं रक्त ३७च्या वर नाही. पोटॅशियम ४ ते ५. हिमोग्लोबिन बघितलेलं. फुप्फुसं हाताने फुगवून, डोळ्यांनी बघून, मग व्हेंटिलेटर. व्हेंटिलेटर सुरू करायचाच राहून गेला असं खरंच होतं. अलार्म परत चालू. ट्रान्सड्यूसर पुन्हा झीरो. पेसिंगची वायर जोडून ठोके ८० ते ९०. कॅल्शियम द्यायचं तर क्लॅम्प काढल्या काढल्या नको, १० ते १५ मिनिटं जाऊ द्या. इनोट्रोप आता सुरू करा, पंपावरून उतरल्यावर नव्हे. वरची ल्युमेनची १५ मिनिटं आठवा.

व्हॉल्व्ह उघडलेला असेल तर टीईईवर हवा शोधा. पाठीवर झोपलेल्या माणसात उजव्या कोरोनरीचं तोंड सगळ्यात वर असतं, म्हणून बुडबुडे तिथेच जातात. लीड टू, थ्री, एव्हीएफमध्ये एसटी वर, उजवं वेंट्रिकल फुगलेलं. घाबरून ग्राफ्टला किंवा टाक्यांना दोष देऊ नका. पंपावरच राहा, मीन वाढवा, थांबा. हवा पुढे ढकलली जाते आणि एसटी खाली येतो.

मग पर्फ्युजनिस्ट पाऊण, अर्धा, पाव असा फ्लो कमी करतो. तुमची नजर मॉनिटरवर कमी आणि छातीतल्या हृदयावर जास्त हवी. हृदय छान पिळतंय, पण रेडियलवर ६५? लांब पंपानंतर रेडियलचा दाब खऱ्या दाबापेक्षा बराच कमी दिसू शकतो. सर्जनला ॲऑर्टिक रूटमध्ये सुई घालून दाब मोजायला सांगा किंवा फेमोरल लाइन घ्या, आणि मगच ॲड्रेनालिन वाढवा.

जुन्या मायट्रलच्या पेशंटमध्ये फुप्फुसाचा दाब वाढलेला असतो आणि उजवं वेंट्रिकल दमतं. कार्बन डायऑक्साइड वाढू देऊ नका, ॲसिडोसिस काढा, एअरवे प्रेशर कमी ठेवा. मिल्रिनोन ०.२५ ते ०.७५ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट, आणि त्याने बीपी पडतं म्हणून जोडीला नॉरॲड किंवा व्हॅसोप्रेसिन. अशा वेंट्रिकलला आणखी पाणी दिलं की ते आणखी फुगतं. हे एकदा कळूनही हात सलाइनकडे जातो.

प्रोटामीन

पंपावरून उतरलो, सर्जन म्हणाले 'द्या', आता व्हायल फोडा. १०० युनिट हेपरिनला १ मिग्रॅ या हिशेबाने १८,००० युनिटांना १८० मिग्रॅ, मिलीला १० मिग्रॅच्या व्हायलमधून १८ मिली. थोडा टेस्ट डोस, आणि उरलेलं १० ते १५ मिनिटांत सावकाश. 'प्रोटामीन सुरू' म्हणा. साधारण तिसरा हिस्सा गेला की पंपाचे सकर बंद, हेही म्हणा. घाईत दिलं तर बीपी पडतं, ते थांबल्यावर सावरतं. वाईट प्रकार म्हणजे फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या एकदम आवळणं: पीए प्रेशर वर, उजवं वेंट्रिकल फुगलेलं, सिस्टेमिक कोसळलेलं. थांबवा, १०० टक्के ऑक्सिजन, ॲड्रेनालिन, आणि नाहीच जमलं तर पूर्ण डोस हेपरिन देऊन परत पंपावर. ते हेपरिन भरून ठेवलेलं असावं. आधी प्रोटामीन मिळालेल्या किंवा एनपीएच इन्सुलिनवर असलेल्या पेशंटमध्ये जास्त जपा.

टीईई

१९९९ च्या अमेरिकन मार्गदर्शिकेत २० व्ह्यू होते, २०१३ मध्ये २८ झाले. नवीन माणसाने २८च्या मागे लागू नये. पहिले तीन महिने चारच: मिड-इसोफेजियल फोर चेंबर ० ते १० अंशांवर, टू चेंबर ९०च्या आसपास, लाँग ॲक्सिस १२० ते १४०, आणि पोटातून मिड-पॅपिलरी शॉर्ट ॲक्सिस. दर केसला याच क्रमाने. पोटातल्या त्या एका चित्रात तिन्ही कोरोनरींच्या भिंती दिसतात आणि हृदय रिकामं आहे की भरलेलं तेही, त्यामुळे अडचणीच्या वेळी तिथेच या. प्रोब भरपूर जेल लावून, जबडा पुढे उचलून. अडला तर लॅरिंगोस्कोपने बघून. जोर कधीच नाही, आणि लॉक लावलेला प्रोब मागे-पुढे सरकवायचा नाही. इंडियन असोसिएशन ऑफ कार्डिओव्हॅस्क्युलर थोरॅसिक ॲनेस्थेसिऑलॉजिस्ट्सच्या परिषदांतल्या टीईई कार्यशाळा पहिल्याच वर्षी करून टाका.

छातीच्या केस

हृदयाच्या मोहात थोरॅसिककडे दुर्लक्ष होतं, आणि परत सोलापूर भागात आल्यावर एम्पायमा आणि टीबीने निकामी झालेली फुप्फुसं समोर येतात. आधी फुप्फुस काढल्यावर किती उरेल ते मोजा. एकूण ४२ सबसेगमेंट: उजवीकडे वर ६, मध्ये ४, खाली १२, डावीकडे वर १०, खाली १०. एफईव्ही-वन (पहिल्या सेकंदात जोरात सोडलेला श्वास) ७० टक्के असलेल्याचा उजवा खालचा लोब काढला तर ७० गुणिले ३० भागिले ४२, म्हणजे ५० टक्के. ४०च्या खाली गेलं की डीएलसीओ (फुप्फुसातून रक्तात वायू जाण्याची क्षमता) आणि चालण्याची क्षमता बघितल्याशिवाय हो म्हणू नका.

डबल ल्युमेन ट्यूब (दोन्ही फुप्फुसं वेगळी करणारी) बहुतेक वेळा डावी, कारण उजवा ब्राँकस आखूड आणि वरच्या लोबचं तोंड लगेच बंद होतं. आपल्याकडच्या १५० सेंटिमीटरच्या बाईला ३५ किंवा ३२ फ्रेंच, सरासरी पुरुषाला ३९. खोली १७० सेंटिमीटरला २९, दर १० सेंटिमीटरला १ कमी-जास्त. म्हणजे १५० ला २७. ब्राँकोस्कोपने निळ्या कफची कड कॅरिनाच्या जरा खाली दिसली पाहिजे, आणि उजवीकडे जाऊन वरच्या लोबची तीन तोंडं दिसली म्हणजे खरंच उजवीकडे आहात. ब्राँकियल कफमध्ये १ ते ३ मिली हवा, जास्त नाही. पेशंट कुशीवर वळवल्यावर पुन्हा बघा; ट्यूब वळवतानाच सरकते.

एका फुप्फुसावर टायडल व्हॉल्यूम आदर्श वजनाच्या ४ ते ६ मिली प्रति किलो, पीप ५. सॅच्युरेशन उतरलं तर ऑक्सिजन १०० टक्के आणि लगेच ब्राँकोस्कोप, कारण बहुधा ट्यूबच हललेली असते. मग सक्शन, खालच्या फुप्फुसाला रिक्रूटमेंट, वरच्याला ५ सेंटिमीटर सीपॅप. ८५च्या खाली रेंगाळलं तर सर्जनला थांबवून दोन्ही फुप्फुसं फुगवा. त्यांची चिडचिड ऐकून घ्या. एम्पायमात पू दुसऱ्या बाजूला वाहू शकतो, म्हणून आयसोलेशन झाल्याशिवाय कुशीवर वळवायचं नाही.

आयसीयूपर्यंत आणि लॉगबुक

ओटीच्या टेबलावरून आयसीयूच्या खाटेपर्यंतच्या वाटेत मॉनिटर, सिरिंज पंपाची बॅटरी आणि सिलिंडरचा काटा निघायच्या आधी बघा. नॉरॲडची सिरिंज संपत आली असेल तर लिफ्टमध्ये नाही, ओटीतच बदला, दुसरा पंप समांतर सुरू करून. हँडओव्हरमध्ये क्लॅम्पचा आणि पंपाचा वेळ, इनोट्रोप किती मिलीवर, शेवटचा एसीटी, ड्रेनमध्ये आत्ता किती, पेसिंग चालू की बंद. ड्रेनवर वेळ लिहून पेनाने रेघ मारा. ड्रेन एकदम थांबला आणि सीव्हीपी चढतोय तर रक्तस्राव थांबला असं समजू नका, टॅम्पोनाडसाठी (हृदयाभोवती रक्त साचून ते दाबलं जातंय का हे बघायला) एको करा.

लॉगबुक त्याच रात्री भरा: निदान, ऑपरेशन, पंप आणि क्लॅम्पची मिनिटं, तुम्ही स्वतः काय केलं आणि काय नुसतं बघितलं, टीईईत काय दिसलं, काय बिघडलं. पेशंटचं नाव लिहू नका, नंबर पुरे. गाइडची सही महिन्याच्या महिन्याला घ्या. परीक्षेच्या तोंडावर तीन वर्षांच्या सह्या एकदम मागितल्या तर कोणतेही सर वैतागतील.